हायमास्टखालचा अंधार

आकाशदर्शनाला अमावस्या लागते आणि अमावस्येला आपल्याकडे शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही. आमच्या मंडळाची सगळी रड या एका वाक्यात आली. चंद्र वर असला की बारीक तारे दिसत नाहीत, म्हणून आम्ही कालनिर्णय काढून अवसेच्या मागचापुढचा शनिवार शोधतो. लोकही तेच कालनिर्णय काढतात आणि कळवतात, ‘त्या दिवशी नको हो, सासूबाई नाही म्हणतील.’

यंदा तर कहर होता. १७ जानेवारी २०२६. शनिवार, आणि दुसऱ्या दिवशी पौष अमावस्या. तारीख ऐकून बायको म्हणाली, “अहो, तारे दाखवणार आहात की भुतं?”

आमचं मंडळ म्हणजे पाच माणसं आणि दीड दुर्बीण. आठ इंची आरशाची एक, जी आमच्यातल्या एकाने स्वतः घासून, पॉलिश करून बनवली आहे आणि जिच्याकडे तो पोटच्या मुलीसारखा बघतो. उरलेली अर्धी म्हणजे एक जुनी दुर्बीण, जिचा तिपाया २०१९ सालच्या ग्रहणानंतर कुणीतरी ‘उद्या आणून देतो’ म्हणून नेला. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हे काम करते आहे. मुंबईकर वर्षानुवर्षं लोकलने वांगणी गाठून माळावर सतरंज्या अंथरतात. त्यांच्यापुढे आम्ही म्हणजे गल्लीतलं गणपती मंडळ. फरक इतकाच की आमचा देव वर्षभर विसर्जित होत नाही, फक्त ढगात जातो.

नावनोंदणीसाठी माझा फोन नंबर दिला होता. हा निर्णय ज्या सभेत झाला त्या सभेला मी नव्हतो.

पहिला फोन आला तो, “टॉयलेट कसं आहे?” दुसरा, “इंडियन की वेस्टर्न?” तिसऱ्या गृहस्थांनी आधी नाश्त्याची चौकशी केली, मग बसला पुशबॅक आहे का ते विचारलं, आणि फोन ठेवता ठेवता, “बरं, बघायचं काय आहे?” असं सहज म्हणाले. चौथे अस्सल पेठेतले होते. “माणशी साडेचारशे म्हणताय. ढग आले तर?”

“जानेवारीत सहसा येत नाहीत.”

“सहसा नको. ग्यारंटी द्या.”

“अहो, आकाशाची ग्यारंटी कशी देणार?”

“मग असं करा, ढग आले तर मिसळीचे कापून घ्या आणि बाकीचे परत द्या.” मी खजिनदारांना विचारून सांगतो म्हणालो. खजिनदार म्हणाले, “त्यांना सांगा, ढगांचे वेगळे लावत नाही, हेच पुष्कळ.”

सगळ्यात जास्त फोन शनीचे. दोष आमचाच होता, कारण पत्रकावर खजिनदारांनी शनीचं भलंमोठं चित्र टाकलं होतं. चांगली रुंद कडी, जिलबीच्या ताटासारखी. एका बाईंनी हळू आवाजात विचारलं, “माझी मीन रास आहे. साडेसातीचा मधला टप्पा चालू आहे. बघितलं तर चालेल ना? म्हणजे दृष्ट वगैरे?”

मी म्हटलं, “ताई, तुम्ही त्याच्याकडे बघणार आहात. तो तुमच्याकडे बघणार नाही.”

“नक्की?”

इथेही ग्यारंटी. शनी त्या वेळी आपल्यापासून जवळजवळ दीडशे कोटी किलोमीटर लांब होता, हे मी त्यांना सांगितलं. त्यावर त्या एवढंच म्हणाल्या, “एवढ्या लांबून हे हाल, मग जवळ आल्यावर काय करेल!” आणि दोन सीटा नोंदवल्या.

आता जागेबद्दल. गावाचं नाव सांगत नाही, सरपंच वाचतात. पुण्यापासून दीडेक तासावर, मधे एक डोंगर असल्यामुळे शहराचा पिवळा उजेड अडलेला, जिल्हा परिषदेची शाळा, शाळेला मैदान, मैदानाच्या टोकाला नळ आणि नळाला पाणी. आम्ही दसऱ्याच्या आधी एकदा दुपारी जाऊन जागा पक्की केली होती. आकाशदर्शनाची जागा दुपारी बघणं म्हणजे झोपलेल्या माणसाचं गाणं पसंत करणं. दुपारी आम्हाला पश्चिमेचा दुसरा डोंगर दिसला तो ‘काय सुंदर आहे’ एवढाच दिसला. आणि देवळापाशी एक उंच खांब दिसला, तो खांब म्हणूनच दिसला.

तो हायमास्ट होता.

ज्यांना हायमास्ट माहीत नसेल त्यांनी रात्री महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात जावं, तो स्वतःच ओळख करून देतो. ताडासारखा खांब, डोक्यावर सहा-आठ दिव्यांचा मुकुट, आणि पायाशी काळ्या ग्रॅनाइटची पाटी, जिच्यावर सौजन्य, शुभहस्ते, प्रमुख उपस्थिती अशी निम्म्या तालुक्याची नावं. उजेड असा की खाली पडलेली सुई सापडावी आणि वर बघितलं तर आकाश हरवावं.

कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी मी आणि खजिनदार सरपंचांकडे गेलो. चहा झाला. मी विषय काढला. सरपंचांना आधी वाटलं, आम्ही अजून एक दिवा मागतोय. मग त्यांच्या लक्षात आलं.

“आवो सायेब, ह्यो लावून घ्यायला चार वर्सं घासलोय मी. जिल्ह्याला किती खेपा झाल्या ते ह्या चपलांना इचारा. आन् तुमी म्हंता, इझवा?”

“फक्त एक रात्र.”

“गावानं काय समजायचं? बिल थकलं म्हनतील. म्होरली पार्टी तर टपूनच बसलीया.”

मी पेंचचं उदाहरण दिलं. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. तिथे रात्रीचा अंधार जपून ठेवला आहे, लोक मुद्दाम तो बघायला जातात, हे सगळं रंगवून सांगितलं. सरपंचांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“तितं वाघ बी हाय म्हनं.”

“आहे.”

“आपल्याकडं न्हाई.”

विषय संपला. मग खजिनदारांनी ठेवणीतलं अस्त्र काढलं. “साहेब, कार्यक्रमाचं उद्घाटन तुमच्याच हस्ते. शाल, श्रीफळ, दोन शब्द. आणि दिवा दुसऱ्या कुणी नाही, तुम्हीच विझवायचा.” सरपंचांचा चेहरा बदलला. दीपप्रज्वलनं त्यांनी पुष्कळ केली असतील. दीपनिर्वाण पहिलंच होतं.

पण विझवायचा कसा? गावातला वायरमन म्हणाला, त्याला बटणच नाही. पेटीला कुलूप, किल्ली ठेकेदाराकडे, ठेकेदार शहरात, आणि ठेकेदाराचा फोन दिवा लागल्या दिवसापासून बंद. दिवा चालतो सेन्सरवर. अंधार पडला की आपोआप लागतो, उजाडलं की आपोआप विझतो. सरपंचांच्या पुतण्याने डोकं खाजवून तोडगा काढला. सेन्सर पेटीच्या वरच आहे. त्याच्या डोळ्यावर बॅटरी मारून ठेवली की त्याला वाटणार, दिवस आहे. दिवा विझणार.

म्हणजे अंधार पाहिजे म्हणून आम्ही रात्रभर उजेड पाडत बसणार होतो. मंडळाच्या पंचवीस वर्षांच्या इतिहासात इतकी शास्त्रीय गोष्ट आम्ही केली नव्हती.

शनिवारी दुपारी साडेतीनची बस चार वीसला सुटली. चोपन्न माणसं. तीन पिशव्या भरून चकल्या, चार अंताक्षऱ्या. बसमध्ये मी सूचना दिल्या. मोबाईल खिशात, टॉर्च लावायचा नाही, लावायचाच तर त्यावर लाल जिलेटिन. गणपतीच्या मखराचं उरलेलं लाल जिलेटिन मी कापून, रबरबँडसकट वाटलं. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एकदा कुणी पांढरा उजेड डोळ्यांवर टाकला की हिशोब परत शून्यापासून. लाल उजेडाने तेवढं बिघडत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. एका आजोबांनी जिलेटिन चष्म्याला लावून बघितलं आणि शेजारणीला म्हणाले, “पूर्वी सिनेमाला असंच देत.”

पोचलो तेव्हा सूर्य कलला होता. चहा झाला. साडेसहाचं उद्घाटन, सरपंच साडेसातला आले. शाल झाली, श्रीफळ झालं. दोन शब्द सुरू झाले.

मी श्रोत्यांत बसलो नव्हतो, पश्चिमेकडे तोंड करून उभा होतो. शनी तिकडे लखलखत होता, हायमास्टच्या उजेडातही दिसण्याइतका, आणि सुंदर डोंगराकडे सरकत होता. सरपंच पाणीयोजनेवर होते. शनी एक बोट खाली. सरपंच स्मशानभूमीच्या शेडवर. शनी दुसरं बोट खाली. शनीचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला त्या दिवशी ऐंशीएक मिनिटं लागत होती, म्हणजे सरपंच घरातून निघण्याच्या सुमाराला तिकडून निघालेले किरण अंतराळ ओलांडून मैदानावर उतरले तरी गटारयोजना शिल्लक होती. शेवटी साडेआठला त्यांनी हात उंच केला, पुतण्याने टॉवेलात गुंडाळलेली तीन सेलची बॅटरी सेन्सरला टेकवली, आणि हायमास्ट विझला.

सगळं मैदान एकदम “हा!” म्हणालं. पाठोपाठ या ऐतिहासिक क्षणाचा फोटो काढण्यासाठी तीस मोबाईल एकदम लखाखले. डोळ्यांचा हिशोब शून्यापासून.

दुर्बिणीची रांग हा वेगळ्या अभ्यासाचा विषय आहे. नवशिक्या माणूस दुर्बिणीपाशी येतो आणि पहिली गोष्ट करतो ती म्हणजे तिला धरतो, जशी बसची दांडी धरतात तशी. धरली की ती हलते, हलली की शनी जातो. दुर्बीणवाल्यांचं ‘हात नको, हात नको’ हे पालुपद सुरू होतं. दुसरी गोष्ट, डावा डोळा मिटायचा तर दोन्ही मिटतात. तिसरी आणि सगळ्यात कठीण म्हणजे सभ्यपणा. शंभर पट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून आकाशाचा अगदी एवढासा तुकडा दिसतो, आणि पृथ्वी थांबत नाही. नीट लावलेला ग्रह दोनेक मिनिटांत त्या तुकड्याबाहेर निघून जातो. मागच्या रांगेला हे ठाऊक नसतं. एकदा अकरा जण ओळीने भिंगाला डोळा लावून “वा!”, “सुंदर!”, “अद्भुत!” करून गेले. बाराव्या नंबरच्या सात-आठ वर्षांच्या पोरीने सांगितलं, “काका, इथे काहीच नाहीये.” दुर्बीणवाल्यांनी बघितलं. शनी केव्हाच गेला होता. अकरा जणांनी काळोखाला दाद दिली होती, आणि त्यात आमचे सेक्रेटरीही होते.

ज्यांना दिसला त्यांचीही तक्रार होतीच. “कडी कुठाय?”

आता हे समजावणं आलं. शनीची कडी कललेली आहेत, त्यामुळे दर चौदा-पंधरा वर्षांनी ती आपल्याला अगदी कडेवरून दिसतात. २०२५ च्या मार्चमध्ये तसा योग येऊन गेला होता आणि जानेवारीपर्यंत ती जेमतेम उघडली होती. त्यामुळे दुर्बिणीत दिसत होतं ते असं: एक पिवळसर मणी आणि त्यातून आरपार गेलेली सुई. मला तर ते रूप फार आवडतं. पण पत्रकावर जिलबीचं ताट होतं. “फोटोतल्यासारखा नाही,” असं एक गृहस्थ मुलगी बघून आल्याच्या सुरात म्हणाले. मी त्यांना सांगितलं, गॅलिलिओचंही असंच झालं. १६१० मध्ये त्याला शनीच्या दोन बाजूंना दोन गोळे दिसले, आणि १६१२ मध्ये बघतो तर दोन्ही गायब. हे कड्यांचं प्रकरण उलगडायला पुढे हायगेन्स यावा लागला. गृहस्थ म्हणाले, “पण गॅलिलिओने साडेचारशे भरले नव्हते.”

मीन राशीच्या ताई रांगेत पुढे आल्या तेव्हा त्यांच्या हातात औषधाची छोटी बाटली होती. मला वाटलं खोकल्याचं. दुर्बीणवाल्यांना वास आला.

“ताई, हे काय?”

“तेल. शनिवार आहे ना. एवढा समोर आलाय तर...”

दुर्बीणवाले दोन्ही हात पसरून आरशापुढे आडवे झाले. आठ इंचाचा आरसा, त्यावर अॅल्युमिनिअमचा मुलामा, सहा महिन्यांची घासाई. “नळीत नाही हो घालत,” ताई म्हणाल्या, “इथे खाली, पायाशी, एक थेंब.” तडजोड अशी ठरली की दुर्बिणीपासून दहा पावलांवर, मातीत, पश्चिमेकडे तोंड करून. तिथे त्यांनी थेंब वाहिला, हात जोडले, आणि मग येऊन भिंगाला डोळा लावला. बराच वेळ लावला. मागून कुरकुर सुरू झाली तरी हलल्या नाहीत. मग बाजूला होऊन मला म्हणाल्या, “बिचारा. एवढासा तर आहे.” सात वर्षं मनात धरलेल्या माणसाशी अखेर समोरासमोर भेट व्हावी आणि तो आपल्यापेक्षा बुटका निघावा, तसा त्यांचा चेहरा झाला होता. लाल जिलेटिनमध्ये मला तो नीट दिसला.

साडेनऊच्या पुढे शनी डोंगराआड गेला. रांगेत सोळा जण शिल्लक होते. त्यांना आम्ही गुरूकडे वळवलं, आणि गुरूने लाज राखली. पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांजवळ तो असा पेटला होता की दुर्बिणीशिवायही लोक ‘ते विमान का?’ म्हणत होते. आठवडाभरापूर्वीच तो सूर्याच्या बरोबर समोर येऊन गेला होता. अंगावरचे दोन पट्टे आणि चार उपग्रह, एका रेषेत, टाचणीच्या टोकासारखे. ४१६ वर्षांपूर्वी जानेवारीतच गॅलिलिओने ते पहिल्यांदा पाहिले. साडेचारशेवाले गृहस्थ हे बघून काही बोलले नाहीत. पुणेकर काही बोलत नाही, याचा अर्थ त्याला आवडलं.

त्यानंतरचा खेळ माझा. ‘तुमच्या वयाचा तारा.’ व्याधाचा प्रकाश आपल्याकडे यायला साधारण साडेआठ वर्षं लागतात, प्रश्वाचा साडेअकरा, ब्रह्महृदयाचा त्रेचाळीसेक, रोहिणीचा पासष्टच्या आसपास. ज्याचं जेवढं वय, त्याला तो तारा दाखवायचा आणि सांगायचं, तुम्ही जन्मलात तेव्हा निघालेला उजेड आत्ता तुमच्या डोळ्यांत शिरतो आहे. मुलांना हे फार भावतं. ‘काळोखाला दाद’ पकडणारी ती पोर व्याधाकडे तोंड उघडं टाकून बघत राहिली आणि मग हळूच म्हणाली, “माझा आहे तो?” आजोबा मंडळी रोहिणीखाली जमली. पंचाईत मधल्या फळीची. एक घोळका ब्रह्महृदयापाशी उभा होता, निखळ महिला, आणि मी कितीही सुचवलं तरी त्यातली एकही बाई रोहिणीकडे यायला तयार नव्हती. माझी बायको प्रश्वाखाली उभी होती. मी तिला काही म्हटलं नाही.

अकराला मिसळ आली. अंधारात मिसळ खाणं हे काही आकाशदर्शनापेक्षा कमी थरारक नाही. रस्सा कुठे संपला आणि पाव कुठे सुरू झाला ते बोटांनाच कळतं. सगळं मैदान पातेल्याकडे सरकलं. चोपन्न माणसांपैकी दुर्बिणीपाशी एकच उरलं. डोक्यावरून नाकापर्यंत काहीतरी पांघरलेलं, हात बगलेत, न हलणारं. पंचवीस वर्षांत मिसळीला पाठ दाखवणारा श्रोता मला पहिल्यांदाच मिळत होता. मी त्याला सोडला नाही.

त्याला ध्रुव दाखवला. ध्रुव दाखवणं हा आमच्या धंद्यातला सगळ्यात नाजूक क्षण. लहानपणापासूनच्या गोष्टींमुळे लोकांना वाटतं, तो आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा. प्रत्यक्षात तो तेजस्वी ताऱ्यांच्या यादीत पहिल्या चाळिसातही येत नाही. त्यात आपल्याकडून तो फार खाली दिसतो, कारण ज्या गावाचा जितका अक्षांश तितकाच तो वर. पुण्याला साडेअठरा अंश. हात लांब करून मूठ धरली की एक मूठ सुमारे दहा अंश. क्षितिजावर एक मूठ, तिच्यावर दुसरी, आणि दुसरीच्या वरच्या कडेला, किंचित खालीच, तो फिकुटला ठिपका. अढळपद मिळालं, पण चाळ जुनी.

श्रोता “हूं” म्हणाला.

मग मी त्याला गर्रकन दक्षिणेकडे वळवलं. सव्वाअकरा वाजत होते, अगदी मोक्याची वेळ. समोर अगस्त्य, रात्रीच्या आकाशातला व्याधाखालोखाल तेजस्वी तारा. “आता तिकडे मुठी लावा,” मी म्हटलं. त्याने लावल्या. दोन मुठी. उत्तरेला ध्रुव जेवढा वर, दक्षिणेला अगस्त्य जवळजवळ तेवढाच वर, आणि आपण मधे. तो परत उत्तरेकडे वळला, मुठी लावल्या. परत दक्षिणेकडे. परत उत्तरेकडे. चार वेळा. असा विद्यार्थी मिळायला भाग्य लागतं.

साडेबाराच्या सुमारास बसमधलं घोरणं मैदानापर्यंत ऐकू येऊ लागलं. दव पडायला लागलं होतं, सतरंज्या ओल्या झाल्या होत्या आणि दुर्बीणवाले हेअर ड्रायर आणायचा राहिला म्हणून हळहळत होते. जागे म्हणाल तर आम्ही तिघे-चौघे, पंधराएक हौशी, माझा हुंकार देणारा श्रोता आणि गावातल्या एक आजी. त्या कधी येऊन बसल्या कळलं नव्हतं. सेक्रेटरी हिरव्या लेझरने मृग दाखवत होते. हा ग्रीक शिकारी, हा त्याचा पट्टा, लोकमान्यांनी १८९३ मध्ये याच नक्षत्रावरून ‘ओरायन’ लिहिलं, वगैरे. आजी म्हणाल्या, “त्ये व्हय? त्ये तिकांडं.”

लेझर थांबला.

“आमच्या सासूबाई तिकांडं बघून पाण्याला उठवायच्या. घड्याळ कुटं हुतं तवा.” मग त्यांनी उत्तर-पूर्वेला मान वळवली. “बाज निघाली बगा आता.”

बाज म्हणजे सप्तर्षी. चार तारे म्हणजे म्हातारीची बाज आणि मागे शेपटीचे तीन म्हणजे तीन चोर, बाज पळवायला आलेले. सेक्रेटरी चमकले. त्या तिनांतला मधला म्हणजे वसिष्ठ. लग्नात नवरानवरीला ज्याच्याशेजारची अरुंधती दाखवतात तो ब्रह्मर्षी, या मैदानावर खाट चोरताना रंगेहाथ पकडला गेला होता. मी आजींना म्हटलं, “आणि त्या मधल्या चोराला चिकटून ती बारकी चांदणी आहे, ती?”

आजींनी डोळे बारीक केले. त्यांना ती दिसत होती, पंच्याहत्तरीच्या पुढे, चष्म्याशिवाय.

“ती त्याची बायकू. तिला ठावं न्हाई, त्यो चोर हाय.”

माझी बायको एवढ्या रात्रीत पहिल्यांदाच मोठ्याने हसली.

आणि त्याच क्षणी सगळं पांढरं झालं. बॅटरीचे सेल संपले होते. सेन्सरच्या हिशोबाने मध्यरात्रीनंतर एक वाजता सूर्य मावळला आणि हायमास्टने आपलं कर्तव्य केलं. आम्ही सगळे डोळ्यांवर हात धरून, आंधळी कोशिंबीर खेळल्यासारखे उभे. बसमधून कुणीतरी “सकाळ झाली का?” विचारलं. गावातला कोंबडा आरवला, खोटं सांगत नाही.

माझ्या शेजारून आवाज आला, “आरं कोन हाय तिकडं? इझवा की त्यो!”

मी बोटांच्या फटीतून बघितलं. माझा विद्यार्थी. नाकापर्यंत पांघरलेली ती आम्हीच संध्याकाळी घातलेली शाल होती, आणि तिच्या आत सरपंच. त्यांच्या मागे काळ्या ग्रॅनाइटवर त्यांचंच नाव ठळक सोनेरी अक्षरांत चमकत होतं. दोन्ही मुठी अजून दक्षिणेकडे धरलेल्या.

“आन्ना, सेल संपलं,” पुतण्या ओरडला.

“मग दुकान उगड म्हनावं म्हाताऱ्याला. नवं आन. चार जास्तीचं आन.” पुतण्या पळाला. सरपंच दिव्याकडे पाठ करून उभे राहिले, शाल पुन्हा डोक्यावरून ओढून घेतली आणि माझ्याकडे वळले.

“सायेब, तवर त्यो ध्रुव हितंच ऱ्हाईल न्हवं? का त्यो बी शनीवानी डोंगरामागं जाईल?”

“नाही जात तो कुठे.”

“ग्यारंटी?”

“ग्यारंटी.”